लग्नातील गुलाबांची जुळणी : वाचकांचे प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. परसबागेतील कीड आणि कुंड्यांची खते मागे पडतात आणि मांडव, हार, सजावट यांविषयी विचारणा सुरू होते. या वेळच्या पत्रांत गुलाबांविषयीचे प्रश्न इतके आहेत की बाकीची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या मुलीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. लग्न सकाळी गावातच, घरासमोरील मांडवात लागेल आणि स्वागत समारंभ सायंकाळी तालुक्याच्या ठिकाणी लॉनवर होईल. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने मोबाइलवर पाहिलेल्या छायाचित्रांप्रमाणे वधूवरांचे हार, तिच्या हातातील गुच्छ, सहा करवल्यांच्या हातातील लहान गुच्छ आणि समारंभातील वीस टेबलांवरील फुले, हे सर्व एकाच फिकट गुलाबी रंगाच्या गुलाबाचे हवे आहे. डेकोरेशनवाला ‘होऊन जाईल, काका’ एवढेच म्हणतो. फुले किती, कोणती आणि केव्हा आणायची हे सांगत नाही. खर्चाला मर्यादा आहे. काय करावे?
— एक वधूपिता, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सर्वप्रथम मुलीला जवळ बसवून, कोणत्या वेळी कोणाच्या हातात काय असते याची यादी करावी, कारण त्या छायाचित्रांतील लग्न आणि आपल्या मांडवातील लग्न यांच्या विधींत मोठा फरक आहे. तिकडे नवरीच्या मैत्रिणी मोकळ्या हातांनी चालत येतात, म्हणून त्यांच्या हातात गुच्छ शोभतो. आपली करवली नवरीच्या मागे करा (पाण्याचा लहान कलश) आणि दिवा घेऊन उभी असते, आणि ज्यांच्याकडे करा नसतो त्या बहिणींच्या मुठीत अक्षता असतात. नवरीच्या हातात अंतरपाट दूर होईपर्यंत हार असतो आणि त्यानंतर कन्यादान, होम, सप्तपदी अशा एकामागून एक येणाऱ्या विधींत तिचे हात रिकामे होत नाहीत. त्यामुळे सकाळच्या लग्नातून सातही गुच्छ वगळले तर कोणाचेही काही उणे होत नाही. ते बहुधा मामाच्या हातात किंवा मांडवातल्या खुर्चीवर पडून राहिले असते.

मग करवल्यांना काय द्यावे? मनगटावर फूल बांधण्याची पद्धत आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. परंतु ज्या मनगटावर कोपराच्या दिशेने चढत जाणाऱ्या बांगड्या आहेत तेथे गुलाब दहा मिनिटांत चुरगळतो. केसांत माळणे हाच उत्तम मार्ग होय. प्रत्येक करवलीच्या अंबाड्याला मोगऱ्याचा गजरा आणि त्याच्या एका बाजूला अर्धवट उमललेले तीन गुलाब लावावेत. सहाही जणींना फुले एकाच बाजूला लावली जातील एवढे मात्र पाहावे, कारण रांगेत उभ्या राहिल्यावर जुळणी नजरेत भरते ती तेवढ्यावरूनच. नवरीला पाच ते सात फुले पुरतात. तिच्या कपाळावरून मुंडावळ्या बांधल्या जातात आणि त्यांच्या दोऱ्या डोक्यामागे गाठल्या जातात, म्हणून गाठ कोठे येणार हे आधी पाहून फुले तिच्या खाली लावावीत. अन्यथा मुंडावळ्या सोडताना फुलेही हाती येतात. वधूचा एकमेव गुच्छ सायंकाळच्या समारंभासाठी ठेवावा. त्याला बारा ते पंधरा फुले लागतात.

आता संख्येकडे वळू. वरमालेसाठी साधारण सात फुटांचा, म्हणजे सुमारे २१० सेंटिमीटर लांबीचा हार धरला आणि देठ कापून ओवलेला एक डच गुलाब (पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाढवलेला, लांब सरळ काडीचा गुलाब) दोऱ्यावर ३ सेंटिमीटर जागा घेतो असे मानले, तर एका हाराला ७० आणि जोडीला १४० फुले लागतात. मध्ये मध्ये हिरवी पाने किंवा निशिगंधाच्या कळ्या ओवल्या तर हीच संख्या निम्म्यावर येते आणि हार हलकाही होतो, जे माझ्या मते अधिक चांगले, कारण ओल्या गुलाबांचा भरगच्च हार गळ्यात घेऊन तासभर होमासमोर बसणे ही उन्हाळ्यात शिक्षाच आहे. टेबलांसाठी प्रत्येकी पाच याप्रमाणे १००, करवल्यांसाठी १८, नवरीच्या केसांसाठी ७, गुच्छासाठी १५, आणि नवरदेव, दोन्ही व्याही व मामालोक यांच्या कोटावर किंवा शेरवानीवर लावण्यासाठी १० फुले धरावीत. भरगच्च हार केला तर एकूण २९० होतात. प्रवासात मोडणारी, माना टाकणारी आणि ऐनवेळी कोणा आत्याबाईंना हवी असणारी फुले मिळून दहा-पंधरा टक्के अधिक घ्यावी लागतात. बाजारात डच गुलाब वीस काड्यांच्या गड्डीने विकला जातो, त्यामुळे आपली मागणी सोळा ते सतरा गड्ड्यांची होते. हा आकडा कागदावर लिहून डेकोरेशनवाल्यासमोर ठेवला की ‘होऊन जाईल’ हे उत्तर पुरेसे राहत नाही.

खर्च वाचवण्याची खरी जागा काडीच्या लांबीत आहे. गुलाबाचा भाव जसा फुलाच्या आकारावर तसाच काडीच्या लांबीवर ठरतो. ६० सेंटिमीटरची काडी ४० सेंटिमीटरच्या काडीहून बरीच महाग पडते. हारात तर देठ कापूनच टाकायचा असतो आणि केसांतल्या फुलाला बोटभर देठ पुरतो. म्हणून हार, केस आणि टेबले यांसाठी आखूड काडीच्या गड्ड्या मागाव्यात आणि लांब काडीची एकच गड्डी गुच्छासाठी घ्यावी. मात्र दोन्ही लांबींची फुले एकाच वाणाची आणि शक्यतो एकाच पॉलिहाऊसमधून एकाच दिवशी तोडलेली असावीत, हे व्यापाऱ्याला निक्षून सांगावे. ‘फिकट गुलाबी’ एवढ्या शब्दांवर मागवलेल्या फुलांत एका गड्डीत पिवळसर झाक आणि दुसरीत जांभळट झाक निघते, आणि वेगवेगळी ठेवली असता जाणवत नसलेली ती तफावत हारात शेजारी शेजारी ओवल्यावर डोळ्यांत खुपते. आपल्याकडे येणारा डच गुलाब प्रामुख्याने तळेगाव दाभाडे परिसर, नाशिक आणि बेंगळुरूकडचा असतो आणि नागपूरच्या सीताबर्डीवरील फूलबाजारातून तो पुढे जिल्ह्यांत पसरतो. तेथील ज्या व्यापाऱ्याकडून आपला डेकोरेशनवाला माल उचलतो त्याच्याशी दोन महिने आधी एकदा स्वतः बोलावे आणि वाणाचे नाव, काडीची लांबी, गड्ड्यांची संख्या व भाव लिहून घ्यावा. अक्षय्य तृतीयेसारख्या दाट लग्नतिथीला भाव चढतात, आणि तोंडी बोललेला भाव त्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

रंगाविषयी एक सूचना. अगदी फिकट गुलाबी आणि पांढऱ्या पाकळ्यांवर बोटांचे डाग आणि कडांचे तपकिरी होणे फार लवकर दिसते. मुलीची हरकत नसेल तर एक छटा गडद, म्हणजे मध्यम गुलाबी रंग निवडावा; सातशे किलोमीटरचा प्रवास करून आलेले फूल त्या रंगात ताजे वाटते.

टेबलांकडे मुलगी ज्या हौसेने पाहत आहे तितक्या हौसेने पाहुणे पाहत नाहीत, हे सौम्यपणे तिला सांगावे. टेबलावर ताटे, पाण्याचे पेले आणि आइस्क्रीमच्या वाट्या आल्या की फुलांसाठी वीतभर जागा उरते. उंच मांडणी केली तर समोरासमोर बसलेल्या दोन विहिणींना एकमेकींचे तोंड दिसत नाही; म्हणून फुलांची उंची टेबलापासून फूटभराहून अधिक नसावी. काचेची भांडी भाड्याने आणण्यापेक्षा घरातील आणि भाऊबंदांकडील पितळी गडवे घासून चकचकीत करावेत, प्रत्येकात स्टीलचा लहान पेला पाण्याने भरून ठेवावा आणि त्यात पाच आखूड काड्या व आंब्याची किंवा कामिनीची कोवळी डहाळी लावावी. पेला मध्ये ठेवण्याचे कारण असे की फुलांच्या पाण्यात लिंबाचा रस असेल आणि ते बराच वेळ राहिले तर पितळावर डाग पडतात. गडवा कोणाचा हे तळाशी कागदी पट्टी चिकटवून लिहावे, नाहीतर लग्नानंतर महिनाभर त्याचीच चर्चा चालते. टेबलक्लॉथवर गुलाबाच्या पाकळ्या पसरण्याचा मोह टाळावा. ओली पाकळी ताटाखाली चिरडली की पांढऱ्या कापडावर जांभळट डाग पडतो आणि तो निघाला नाही तर बिछायत केंद्रवाला कापडाची किंमत लावतो. पाकळ्या हव्याच असतील तर पाण्याने भरलेल्या मातीच्या परळात तरंगत ठेवाव्यात.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नासाठी आणलेल्या गुलाबांनी लग्न लागण्याआधीच माना टाकल्या. फुले पहाटे ताजी दिसत होती, पाण्यातही ठेवली होती. यंदा मुलाचे लग्न आहे. फुले टिकवण्याचा काही उपाय आहे का?
— एक गृहिणी, वणी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, फूल पाण्यात ठेवलेले होते म्हणजे त्याला पाणी मिळत होते, असे नसते. गुलाबाची काडी कोरड्या हवेत राहिली की कापलेल्या टोकातून हवा आत शिरते आणि काडीतील सूक्ष्म नळ्यांत तिचे बुडबुडे अडकतात. मग काडी बादलीत उभी असली तरी पाणी वर चढत नाही आणि फुलाच्या लगेच खालचा कोवळा भाग वाकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की पाकळ्या आणि पाने जेवढे पाणी हवेत सोडतात तेवढे अर्धवट तुंबलेल्या नळ्यांना पुरवता येत नाही. ज्या फुलाने पुण्यात चार दिवस काढले असते ते वणीत चार तासांत झुकते याचे कारण हेच.

उपायाची सुरुवात प्रवासापासून करावी. फुले दुपारच्या गाडीने मुळीच आणू नयेत. रात्री किंवा पहाटे निघून ऊन तापण्याआधी घरी पोहोचतील असे पाहावे. गड्ड्यांवरील पुठ्ठा आणि कागद काढू नये, त्यांवर ओले बारदान गुंडाळावे आणि खोके गाडीच्या डिकीऐवजी आतल्या सीटवर ठेवावे, कारण बंद डिकी भट्टीसारखी तापते. बर्फाच्या लादीवर फुले थेट ठेवणे हा आपल्याकडील सर्रास चालणारा प्रकार आहे आणि तो घातक आहे. ज्या पाकळ्या बर्फाला टेकतात त्या काही वेळाने पारदर्शक होऊन काळ्या पडतात. बर्फ वापरायचाच असेल तर तो पिशवीत बांधून, वर वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळून खोक्याच्या तळाशी ठेवावा.

घरी आल्यावरची पहिली पंधरा मिनिटे महत्त्वाची असतात. बादल्या साबणाने घासून स्वच्छ कराव्यात, कारण आदल्या दिवशी ज्या बादलीत चुना कालवला किंवा ताक ठेवले तिच्यातील जिवाणू काडीच्या नळ्या बंद करतात. काडीचा पाण्यात बुडणारा भाग जेवढा असेल तेवढ्यावरील पाने काढून टाकावीत. त्यानंतर काडीचे टोक पाण्याने भरलेल्या परातीत बुडवून, पाण्याखालीच, धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापावे आणि काडी लगेच खोल बादलीत उभी करावी. पाण्याखाली कापल्यामुळे नव्या टोकातून हवा आत जात नाही. विळीने किंवा बोथट कात्रीने कापल्यास काडी चेचली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. काटे सोलण्याचीही घाई नको. केसांत, कोटावर आणि गुच्छात जाणाऱ्या काड्यांचेच काटे अंगठ्याने आडवे दाबून मोडावेत. चिंधीत काडी धरून वरपासून खालपर्यंत ओरबाडण्याच्या पद्धतीने साल निघते आणि फुलाचे आयुष्य कमी होते. मात्र नवरीजवळ जाणाऱ्या एकाही काडीवर काटा राहू देऊ नये, कारण शालूचा जर काट्यात एकदा अडकला की धागा ओढला जाऊन पदरावर कायमची रेघ उमटते.

पाण्यात घालण्यासाठी बाजारातील पुडी मिळाली तर उत्तम, नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे तीन चमचे साखर, एका लिंबाचा रस आणि कपड्यांसाठी वापरतात त्या ब्लीचचा चहाचा पाव चमचा घालावा. साखर फुलाचे अन्न आहे, आंबटपणामुळे पाणी काडीतून सहज चढते आणि ब्लीच जिवाणूंना रोखते. नुसती साखर घालू नये, कारण मग फुलापेक्षा जिवाणूंचेच पोषण होते. ब्लीच आधी भरपूर पाण्यात मिसळावे आणि लिंबू नंतर घालावे. हे पाणी पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.

बादल्या तीन-चार तास अंधाऱ्या, थंड खोलीत राहू द्याव्यात. जुन्या धाब्याच्या घराची आतली खोली यासाठी सिमेंटच्या स्लॅबखालील खोलीपेक्षा कितीतरी चांगली. कूलरने खोलीतील ओलावा वाढतो, म्हणून तो जरूर चालवावा, पण त्याचा झोत थेट फुलांवर येऊ देऊ नये, कारण वाहती हवा पाकळ्या सुकवते. त्याच खोलीत आंब्यांची अढी, केळ्यांचे घड किंवा खरबुजे ठेवलेली असतील तर फुले तेथे ठेवू नयेत. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि त्यामुळे गुलाब लवकर उमलून पाकळ्या गाळतो. लग्नघरात मे महिन्यात आंबे आणि फुले दोन्ही एकाच थंड खोलीत जाऊन पडतात, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या पुतण्याच्या लग्नात पाण्यावाचून झुकलेल्या फुलांत या आंब्यांचाही थोडा हात असावा. घरच्या फ्रिजमध्ये फुले ठेवतानाही हीच काळजी घ्यावी.

हार लग्नाच्या दिवशी पहाटे ओवावेत, आदल्या रात्री नव्हे. ओवल्यानंतर ओल्या मलमलीत सैल गुंडाळून वेताच्या किंवा बांबूच्या टोपलीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत फुले उबतात. केसांतील फुलांच्या देठांना ओल्या कापसाचा लहान बोळा गुंडाळून वर हिरवी चिकटपट्टी लावली तर ती दुपारपर्यंत तग धरतात. या सर्वांतून हारातील फुले मुहूर्तापासून दोन-अडीच तास नीट राहतील. सायंकाळच्या समारंभासाठी हार वेगळा करावा किंवा सकाळचा हार पुन्हा वापरण्याचा आग्रह सोडून द्यावा.

प्रश्न : माझा शालू राणी रंगाचा आहे आणि बहिणींनी पीच रंगाच्या साड्या घेतल्या आहेत. गुलाब कोणत्या रंगाचे घ्यावेत, शालूशी जुळणारे की साड्यांशी? सायंकाळी लॉनवर रंगीत दिवे असणार आहेत. निळे गुलाबही चांगले दिसतील असे एका मैत्रिणीचे म्हणणे आहे.
— एक नियोजित वधू, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : दोन्हींशी जुळवण्याचा प्रयत्न करू नये. राणी रंगाच्या शालूवर राणी रंगाचेच गुलाब घातले तर हार कापडात हरवून जातो आणि छायाचित्रात गळ्याभोवती नुसता उंचवटा दिसतो. पांढरट किंवा मोतिया गुलाब शालूवर उठून दिसतील, पीच साड्यांच्या अंबाड्यातही शोभतील आणि टेबलांवरही चालतील. त्यांत राणी रंगाची थोडी फुले फक्त आपल्या हारात आणि गुच्छात, तीही मध्यभागी, घालावीत. एवढ्याने वधू आणि करवल्या एका सूत्रात बांधल्या जातात आणि वधू वेगळीही दिसते.

रंग ठरवताना शालूच्या पदराचा काठ किंवा ब्लाऊजपीसची कापलेली पट्टी सोबत न्यावी आणि फूल तिच्यावर ठेवून दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता बाहेर उजेडात पाहावे. फोनवरून रंग ठरवू नये. शिवाय कळी आणि उमललेले फूल यांच्या रंगात फरक पडतो. बहुतेक गुलाबी वाण उमलताना फिके होतात, आणि लाल गुलाब शिळा होऊ लागला की पाकळीतील आम्लता कमी होऊन तो जांभळट दिसू लागतो. जांभळट कडा असलेली लाल फुले कोणी ‘वाणच तसा आहे’ म्हणून देऊ लागला तर घेऊ नयेत.

लॉनवरील दिव्यांविषयी डेकोरेशनवाल्याला आजच सांगावे. निळ्या आणि जांभळ्या झोतात लाल पाकळी काळी दिसते, कारण तिला परतवता येईल असा लाल प्रकाशच त्या झोतात नसतो. मंच आणि टेबले यांवर पिवळसर पांढरा प्रकाश ठेवावा आणि रंगीत दिव्यांची हौस झाडांवर व प्रवेशद्वारावर भागवावी. मोतिया गुलाब पिवळसर प्रकाशात अधिकच खुलतात.

निळ्या गुलाबांबाबत मैत्रिणीचे ऐकू नये. गुलाबात खरा निळा रंग देणारे रंगद्रव्य निसर्गतः नसतेच. बाजारात जे निळेशार गुलाब मिळतात ते पांढऱ्या फुलांना रंग पाजून किंवा रंगात बुडवून केलेले असतात. घाम आलेल्या मानेवर आणि पीच रंगाच्या साडीवर तो रंग उतरला तर बहीण वर्षभर बोलणार नाही.

प्रश्न : एवढ्या खटाटोपाऐवजी कापडी किंवा प्लॅस्टिकचे गुलाब भाड्याने आणले तर काय बिघडते? — सेलू, जि. वर्धा

उत्तर : मंचामागची कमान, प्रवेशद्वार आणि छताखालील झुंबरे यांसाठी काहीच बिघडत नाही, मे महिन्यातील मांडवात दहा फुटांवरून ते कोणालाही ओळखू येत नाहीत आणि खर्चही वाचतो. फक्त भाड्याची फुले आधी पाहून घ्यावीत, कारण अनेक लग्नांची धूळ साचून ती राखाडी झालेली असतात. थर्माकोलची सजावट मात्र स्वीकारू नये. राज्यात २०१८ पासून तिच्यावर बंदी आहे. वधूवरांच्या गळ्यात, केसांत आणि पूजेच्या ताटात खरीच फुले असावीत.

प्रश्न : माझ्याकडे अर्धा एकर उघड्यावरील ग्लॅडिएटर वाणाचा गुलाब आहे. तालुक्यातील लग्नांना टेबलांसाठी आणि हारांसाठी माझीच फुले देता येतील का? व्यापारी डच गुलाबच मागतात.
— एक शेतकरी, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : देता येतील, पण कोणत्या महिन्यातील लग्ने घ्यायची हे नीट ठरवावे लागेल. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की साधारण दीड महिन्यात पहिला बहर येतो, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या तिथी आपल्या हातात असतात. ज्या मोठ्या लग्नाचा शब्द दिला आहे त्याची तारीख पाहून बागेचे दोन-तीन भाग करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटणी केली तर फुले एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आपल्याकडील उघड्यावरचा गुलाब आकाराने आणि रंगाने पॉलिहाऊसमधील फुलाच्या तोडीचा असतो. एप्रिल-मेमध्ये तोच गुलाब लहान राहतो, पाकळ्या कमी भरतात आणि कडा करपतात. त्या दिवसांत टेबलांच्या फुलांचा शब्द देऊ नये. सुट्या पाकळ्या, पूजेची फुले आणि परळातील तरंगती फुले एवढेच काम घ्यावे. शेडनेटने करपणे कमी होते, परंतु फुलाचा आकार त्याने फारसा वाढत नाही.

तोडणी सूर्य वर येण्याआधी, बाहेरील एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या असताना करावी आणि पाण्याची बादली बांधावर न ठेवता सरीतच सोबत घेऊन फिरावी. घट्ट मिटलेली कळी तोडली तर ती उमलतच नाही. डच गुलाबाची लांब, सरळ काडी आपल्याकडे मिळणार नाही, म्हणून गुच्छांच्या कामात त्याच्याशी स्पर्धा करू नये. गडव्यात आणि हारात काडीची लांबी लागतच नाही, तेथे आपले पहाटेचे फूल दोन दिवस प्रवास करून आलेल्या फुलाला सहज मागे टाकते. नमुन्यादाखल दोन हार करून तालुक्यातील मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला दाखवावेत. वधूवरांकडील मंडळी हारवाल्याची चौकशी पहिल्यांदा त्याच्याकडेच करतात.

प्रश्न : लग्नानंतर उरलेल्या गुलाबांचा गुलकंद करता येतो का? टाकून देणे जिवावर येते. — वाशीम

उत्तर : सजावटीसाठी विकत घेतलेल्या डच गुलाबांचा गुलकंद करू नये. ती फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात. त्यांवर कीडनाशके आणि बुरशीनाशके फवारलेली असतात आणि धुण्याने ती पूर्ण जात नाहीत. याच कारणाने ही फुले मिठाईच्या ताटावर, श्रीखंडावर किंवा पिण्याच्या पाण्याच्या रांजणात टाकू नयेत. हल्ली समारंभांत तसे सर्रास दिसते. गुलकंदासाठी फवारणी न केलेला, परसातील वासाचा देशी गुलाबच हवा. उरलेली फुले शेणखताच्या खड्ड्यात घालावीत. त्याआधी हारांतील नायलॉनचा दोरा, जर आणि तारा काढून घ्याव्यात, कारण ते खत शेतात पडल्यावर तारेचा तुकडा चाऱ्याबरोबर बैलाच्या पोटात जाऊ शकतो. गुच्छाखाली फुले खोचण्यासाठी वापरलेला हिरवा फोमही खड्ड्यात टाकू नये. तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे आणि मातीत कुजत नाही.